गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून मॅन्युअल बसवताना

पार्ट सुटे गोळा करू नका. त्याच मॉडेलची, त्याच इंजिनाची भंगारात निघालेली मॅन्युअल गाडी बघा. गिअरबॉक्स, पेडल, ड्राइव्हशाफ्ट, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) एकाच जागी मिळतं. हा बदल चालेल का, ते आरटीओत मात्र आधी विचारा.

खरं काम फ्लायव्हीलचं, म्हणजे इंजिनाच्या टोकाला बसणाऱ्या, क्लच ज्यावर दाबला जातो त्या जड चाकाचं. ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी पातळ फ्लेक्सप्लेट असते. तिचे बोल्ट बहुतेकदा आखूड असतात, ते परत वापरू नका. जाड फ्लायव्हीलला तिचेच लांब बोल्ट, तेही टॉर्क रेंचनं आवळलेले. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे दिसले, तर मी सरळ उद्यमनगरातल्या वर्कशॉपात नेऊन फेस मारून (मशीनवर पृष्ठभाग सपाट करून) आणतो. क्लचप्लेट नवीच टाका. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

सगळं जोडूनही सेल्फ लागत नसेल तर घाबरू नका. ऑटोमॅटिक फक्त पी (पार्क) किंवा एन (न्यूट्रल) मध्ये चालू होते, त्यासाठी गिअरपाशी एक स्विच असतो. त्या स्विचची वायर क्लच पेडलच्या स्विचला द्या.