पोलिसातली नोकरी आणि सिव्हिल सर्व्हिसेस: फॉर्म भरण्याआधीची तयारी

मध्य प्रदेश पोलिसात नोकरी करता करता सिव्हिल सर्व्हिसेसची परीक्षा द्यायची असेल, तर सगळ्यात आधी एक समजूत मनातून काढून टाका. पोलीस ठाण्यात काढलेल्या वर्षांचे गुण कुठल्याच पेपरात मिळत नाहीत. यूपीएससीच्या अंतिम यादीसाठी मुख्य परीक्षेचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ असे २०२५ गुण धरतात. त्यात अनुभवाचा वेगळा रकानाच नाही. इंदुरात भंवरकुआँला कोचिंगबाहेरच्या चहाच्या टपरीवर कुणी ना कुणी ठासून सांगतोच, ‘पुलिसवालों को बोनस मिलता है.’ अमेरिकेत माजी सैनिकांना केंद्र सरकारच्या नोकरभरतीत ५ किंवा १० गुणांचं प्राधान्य असतं, त्याचीच कुठूनतरी ही कंडी पिकलेली असावी. आपल्याकडं नोकरी उपयोगी पडते ती वयाच्या सवलतीत, मागच्या सेवेच्या हिशेबात आणि मुलाखतीत. पहिल्या दोन्ही ठिकाणी कागद बोलतात, म्हणून पुस्तकं विकत घेण्याआधी कागद जमवा.

वयाचा हिशेब पहिला. यूपीएससीत १ ऑगस्टला वय मोजतात, खुल्या प्रवर्गाला ३२ वर्षं आणि ६ प्रयत्न, आणि सरकारी नोकर म्हणून एक दिवसही वाढवून मिळत नाही. माजी सैनिकांची सवलत फौजेची आहे, पोलिसांची नाही. आपल्या एमपीपीएससीत, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत, मात्र राज्याच्या कर्मचाऱ्याला सवलत आहे: बिनवर्दीच्या पदांना खुल्या प्रवर्गाची मर्यादा ४० आणि राज्याच्या शासकीय सेवकाला ४५. प्रवर्गाची सवलत त्यावर आणखी चढवून ४५च्या पुढं जाता येत नाही. वर्दीच्या पदांना, म्हणजे डीएसपीला, मुळातली मर्यादाच ३३ आहे. गंमत बघा, ज्या पदाला तुमचा अनुभव सर्वांत जवळचा, तिथंच वय सर्वांत आधी संपतं. पस्तिशीतल्या आरक्षकानं, म्हणजे कॉन्स्टेबलनं, डीएसपीची स्वप्नं रंगवण्याआधी जाहिरातीतलं वयाचं कोष्टक स्वतःच्या प्रवर्गाच्या ओळीवर बोट ठेवून वाचावं; नायब तहसीलदार हेही चांगलं पद आहे. आणि एमपीऑनलाईन या राज्याच्या पोर्टलवर फॉर्म भरताना ‘शासकीय सेवक’ हा पर्याय तुम्ही स्वतः निवडा, कियोस्कवाल्या पोरावर सोडू नका.

एसएससीच्या सीजीएलमध्ये, म्हणजे केंद्राच्या पदवीधर पातळीच्या भरती परीक्षेत, वयाची सवलत आहे, पण ती केंद्राच्या, ३ वर्षं सलग नियमित सेवा झालेल्या नागरी कर्मचाऱ्यांना. इंदूरच्या ठाण्यातला आरक्षक राज्याचा नोकर. ‘गव्हर्नमेंट सर्व्हंट’ एवढंच वाचून तिथं टिक केली, तर कागद तपासणीत फॉर्म उडतो.

आता सर्व्हिस बुक, म्हणजे सेवापुस्तक. स्थापना शाखेत जाऊन ते एकदा डोळ्यांखालून घाला, निदान पहिलं पान. जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत सारखी आहे का, दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळते का, भरतीची तारीख आणि स्थायीकरणाचा आदेश चढलाय का. आपल्या मराठी घरांचा यात खास घोळ असतो. गुणपत्रिकेवर नुसतं नाव-आडनाव, आधारवर मधे वडिलांचं नाव, आणि सर्व्हिस बुकात हिंदी बाबूनं कुलकर्णीचं ‘कुलकरनी’ केलेलं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या महिला आरक्षकांचे तर तीन कागदांवर तीन अवतार निघतात. दुरुस्तीचा अर्ज आजच टाका. निकाल लागल्यावर धावपळ करून हे होत नाही.

प्रवर्गाचे दाखलेही याच वेळी. आजोळच्या जळगाव-धुळ्याहून काढलेलं जातीचं प्रमाणपत्र मध्य प्रदेशच्या आरक्षणाला चालत नाही. मूळनिवासी आणि जात दोन्ही इथलीच लागतात. ओबीसीचं क्रीमी लेयर आईवडिलांच्या स्थितीवरून ठरतं, तुमचा स्वतःचा पगार त्यात धरत नाहीत. ईडब्ल्यूएसला, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल प्रवर्गाला, नेमकं उलटं आहे: कुटुंबाच्या ८ लाखांच्या मर्यादेत तुमचा आणि नवऱ्याचा किंवा बायकोचा पगारही येतो. दोघंही नोकरीत असाल तर आधी बेरीज करा, मग तहसीलच्या रांगेत उभे राहा. आणि यूपीएससीत ईडब्ल्यूएसला वयाची सवलत नाही, हेही ध्यानात ठेवा.

परवानगीकडं सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं आणि सगळ्यांत जास्त नुकसानही तिथंच होतं. यूपीएससी तुमच्याकडून हमी घेते की अर्ज केल्याचं कार्यालयप्रमुखाला लेखी कळवलंय. खात्यानं परवानगी रोखल्याचं पत्र आयोगाकडं गेलं तर उमेदवारी रद्द होऊ शकते. टीआय साहेबांना, म्हणजे ठाणेदारांना, चहा पिता पिता सांगितलं, म्हणजे कळवलं असं होत नाही. साधा अर्ज लिहा, परीक्षेचं नाव आणि वर्ष घाला, ठाण्यातून वर ‘थ्रू प्रॉपर चॅनल’ पाठवा. आरक्षकाचा नियुक्ती-अधिकारी जिल्ह्यात एसपी; इंदुरात डिसेंबर २०२१पासून कमिश्नरी, म्हणजे पोलीस आयुक्तालय, आहे, त्यामुळं कागद डीसीपी कार्यालयाकडं जातो. दुसऱ्या प्रतीवर आवक शाखेचा शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. शिक्का पुसट उठला तर पुन्हा मारायला सांगा, संकोच नको. ती प्रत प्लॅस्टिकच्या फोल्डरात, तिचा फोटो फोनमध्ये आणि एक झेरॉक्स घरी. पुढं मुलाखतीच्या वेळी अनापत्ती प्रमाणपत्र मागतात, तेव्हा हाच क्रमांक फाईल शोधून देतो. दर नव्या परीक्षेला नवा अर्ज करा.

विभागीय चौकशी चालू असेल किंवा तरुणपणी एखाद्या भांडणात नाव आलं असेल, तर चारित्र्य पडताळणीसाठी भरून घेतात त्या साक्षांकन फॉर्मात ते लिहा. अवतार सिंग खटल्यात २०१६ साली सुप्रीम कोर्टानं माहिती दडवण्याबद्दलची तत्त्वं घालून दिली आहेत. किरकोळ प्रकरण सांगितलं तर निभतं, लपवलं तर तेच अंगाशी येतं. पोलिसाची चारित्र्य पडताळणी पोलिसच करतात, तिथं काय लपणार?

सुट्टीचं गणित इंदूरचं वेगळंच. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) या दिवसांत राजवाड्याभोवती सगळं बळ उतरतं, रजा विसराच. २०२८चा उज्जैनचा सिंहस्थ जवळ येईल तसा बंदोबस्त वाढेल. त्या वर्षी मुख्य परीक्षा द्यायचा विचार असेल तर अर्जित रजा आत्तापासून साठवा.

अभ्यासात जमेची बाजू आहे ती नीतिशास्त्राच्या केस स्टडीत आणि अंतर्गत सुरक्षेत. पण लिहिताना ठाण्याची हिंदी सोडा. ‘मुखबिर की सूचना पर मय हमराह बल मौके पर पहुँचकर’ ही रोजनाम्याची भाषा हातात इतकी मुरलेली असते की निबंधातही उतरते. घरी मराठी बोलतो म्हणून यूपीएससीला मराठी माध्यम घेण्याचा मोह मला तरी पटत नाही. शाळा-कॉलेज हिंदीतून झालेल्याचा हात तीन तास मराठीत चालत नाही, आणि एमपीपीएससीला हिंदी-इंग्रजीशिवाय पर्यायच नाही.

मुलाखतीत मात्र तुमची नोकरी हीच प्रश्नपत्रिका असते. स्वतः हाताळलेली दोन-तीन प्रकरणं पंचनाम्यापासून चालानपर्यंत (आरोपपत्रापर्यंत) तोंडावर हवीत, कलमं जुन्या आणि नव्या कायद्यासकट. १ जुलै २०२४पासून एफआयआरचं सीआरपीसीतलं कलम १५४ जाऊन बीएनएसएसचं, म्हणजे नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं, १७३ आलं; १०५नुसार झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रण, १७६(३)नुसार ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाले घटनास्थळी. आदर्श व्यवस्था सगळेच सांगतात. तुमच्या ठाण्यात कॅमेऱ्याचं काय होतं, हे तुम्हीच सांगू शकता. डी. के. बसू (अटकेचे नियम), प्रकाश सिंग (२००६, पोलीस सुधारणा), ललिता कुमारी (२०१३, एफआयआर नोंदवण्याची सक्ती) हे सुप्रीम कोर्टाचे निकाल नुसते पाठ नकोत. ‘तक्रार न घेता कुणाला परत पाठवताना पाहिलंय का?’ असा प्रश्न आला तर खात्याची वकिलीही करू नका आणि चहाडीही. तपास चालू असलेल्या प्रकरणाचं नाव मात्र काढू नका.

निवड झाली की घाईत दोन ओळींचा राजीनामा टाकू नका. अमुक आदेशान्वये परवानगी घेऊन, अमुक सरकारी पदावर रुजू होण्यासाठी, हे शब्द त्यात असलेच पाहिजेत. परवानगीनं दुसऱ्या सरकारी पदावर जाताना दिलेला राजीनामा मागची सेवा बुडवत नाही, नुसता राजीनामा बुडवतो. स्थायी असाल तर जुन्या पदावरचा लिएन, म्हणजे परत येण्याचा हक्क, राखण्याबद्दल त्याच अर्जात विचारा. १ जानेवारी २००५ला किंवा त्यानंतर लागलेल्यांचं एनपीएस (नवी पेन्शन योजना) असतं. तिच्या खात्याचा प्रान क्रमांक तोच राहतो, नवा काढू देऊ नका. कार्यमुक्तीचा आदेश, शेवटच्या पगाराचं प्रमाणपत्र आणि मालखान्याचं-शस्त्राचं नो ड्यूज एकाच दिवशी हातात घ्या, आणि सर्व्हिस बुक नव्या कार्यालयाकडं कोणत्या जावक क्रमांकानं गेलं तेही टिपून ठेवा.