‘बिन ठेवली’ की ‘ठेवलं’? भाषाविज्ञानाच्या ऑनर्स वर्षाविषयी

ऑस्ट्रेलियातले ऑनर्स म्हणजे काय, हे मला नाशिकला फोनवर कितीदा तरी समजावून सांगावे लागले. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणी तीन वर्षांच्या पदवीलाच ऑनर्स म्हणण्याची पद्धत होती. ऑस्ट्रेलियात मात्र तीन वर्षांची बी.ए. पूर्ण झाल्यावर, मुख्य विषयातले गुण चांगले असतील तर, आणखी एक स्वतंत्र वर्ष घेता येते. त्यात काही प्रगत विषयांचे वर्ग असतात आणि उरलेला वेळ स्वतःच्या संशोधनावरची प्रबंधिका लिहिण्यात जातो. बहुतेक विद्यापीठांत ८० किंवा अधिक गुणांना प्रथम वर्ग मिळतो, आणि प्रथम वर्ग मिळालेल्याला एम.ए. न करता थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर भारतातही चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स सुरू झाले असून त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात, त्यामुळे पुढचे काही महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनाही उपयोगी पडावे.

नावात वर्ष असले तरी मार्चच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत हाताशी जेमतेम आठ महिने असतात, आणि म्हणूनच तयारी तिसऱ्या वर्षातच करावी लागते. वाक्यविचार आणि ध्वनिविचार यांचे वरच्या पातळीचे अभ्यासक्रम तोवर झालेले असावेत, आणि क्षेत्रीय अभ्यासपद्धतीचा वर्ग मिळत असेल तर तो सोडू नये. मार्गदर्शकांना सप्टेंबरमध्येच भेटावे, कारण पुढच्या वर्षी ते रजेवर जाणार आहेत हे फेब्रुवारीत कळणे परवडत नाही.

मी भेटायला गेले ती ‘मेलबर्नमधील मराठी कुटुंबांतील भाषाबदल’ अशा भारदस्त शीर्षकाची दोन पाने घेऊन. मार्गदर्शकांनी ती वाचली आणि यातले नेमके काय मोजता येईल, एवढेच विचारले. मला उत्तर देता आले नाही. ते सापडले घरी. मी ज्या काका-काकूंकडे राहत होते, तिथे दर मंगळवारी रात्री कचऱ्याचा मोठा डबा रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवावा लागे. “बिन ठेवलीस का?” असे काका विचारत, “कधीच ठेवलं,” असे काकू म्हणत, आणि मेलबर्नमध्येच वाढलेला त्यांचा मुलगा “मी ठेवला ना!” असे आतून ओरडत असे. एका घरात एका शब्दाची तिन्ही लिंगे सुखाने नांदत होती आणि कोणालाही ते खटकत नव्हते.

बस आणि कार आपण स्त्रीलिंगी मानतो, त्यामागे ‘गाडी’ असावी. टेबल नपुंसकलिंगी आहे, फोन पुल्लिंगी आहे. हे शब्द मराठीत मुरलेले असल्यामुळे त्यांची लिंगे बहुतांशी ठरून गेली आहेत. पण जे शब्द माणूस परदेशात आल्यावरच त्याच्या रोजच्या मराठीत शिरतात, त्यांना लिंग कोण देते? ‘डबा’ या अर्थाने, शब्दाच्या शेवटच्या ध्वनीने, की काहीच न सुचल्यावर वापरायच्या एखाद्या ठरावीक लिंगाने? आठ महिन्यांत मावेल एवढा प्रश्न हा होता. नवख्या विद्यार्थ्याला विषय लहान वाटू लागला की भीती वाटते. माझ्या मते, तो लहान वाटू लागला की मगच नोंदणी करावी.

संशोधनात माणसांचा सहभाग असेल तर विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीची परवानगी मिळेपर्यंत एकही वाक्य ध्वनिमुद्रित करता येत नाही. मला शाळकरी मुलांशी बोलायचे होते, पण अल्पवयीन मुलांच्या बाबतीत छाननी अधिक कडक आणि वेळखाऊ असते, म्हणून मी येथे वाढलेल्या १८ वर्षांवरील तरुणांवर समाधान मानले. या तडजोडीची मला आजही थोडी खंत आहे, मात्र मुलांचा आग्रह धरला असता तर परवानगीच्या पत्राची वाट पाहण्यातच पहिले सत्र संपले असते. संमतिपत्राचा मसुदा इंग्रजीबरोबर मराठीतही केला, तरी सही मागताच “अगं, सही कशाला? तू घरचीच ना!” हे ठरलेले असे. अशा वेळी चहा घ्यावा, पण सही घेतल्याशिवाय रेकॉर्डर सुरू करू नये.

माझी सर्वांत मोठी चूक प्राथमिक चाचणीत झाली. चार जणांना चित्रे दाखवून मी “ही ट्रॉली कुठे आहे?” अशा धर्तीचे प्रश्न विचारले, आणि उत्तरे इतकी एकसारखी आली की मी हरखून गेले. मग भाषाविज्ञानात उदाहरणे मांडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लाइपझिगच्या नियमांप्रमाणे प्रत्येक शब्दाखाली त्याची व्याकरणिक फोड लिहून पाने मार्गदर्शकांकडे दिली. त्यांना मराठीचा गंधही नाही. त्यांनी माझ्या प्रश्नाच्या ओळीतल्या ‘ही’ या शब्दाखालचे ‘स्त्रीलिंग’ एवढेच पेन्सिलीने अधोरेखित केले. उत्तर मीच प्रश्नात घालून दिले होते. सुमारे अडीच तासांचे ध्वनिमुद्रण निकामी झाले. पण ही चूक एप्रिलमध्ये सापडली, कारण कच्ची, अर्धवट पाने दाखवण्याची लाज मी बाळगली नव्हती.

पुढे मी घटनांची चित्रे घेतली आणि “काय झालं?” एवढेच विचारू लागले. मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, त्यामुळे “मुलाने बिन पाडली” किंवा “पाडला” असे म्हणताच बोलणाऱ्याच्या मनातले लिंग आपोआप बाहेर पडते. त्यातही एक खोच निघाली. काही जण “मुलाने बिनला पाडलं” असे म्हणत. कर्माला ‘ला’ लागला की क्रियापद त्याच्याशी जुळत नाही आणि नपुंसकलिंगी एकवचनातच राहते. अशी वाक्ये नपुंसकलिंगाच्या रकान्यात टाकली असती तर माझा सगळा निष्कर्षच फसवा ठरला असता. ती वेगळी काढल्यावर तक्ता बराच रोडावला, पण खरा झाला.

वर्गातल्या अभ्यासाला दुय्यम मानू नये, कारण त्याचेही गुण अंतिम वर्गात धरले जातात. मला एका निबंधासाठी मध्य ऑस्ट्रेलियातली वार्लपिरी भाषा मिळाली होती. तिच्यातही सकर्मक वाक्यातल्या कर्त्याच्या नामाला आपल्या ‘ने’सारखा प्रत्यय लागतो, पण आपला ‘ने’ प्रामुख्याने भूतकाळी रूपांबरोबर येतो, तसे काळाचे बंधन तिथे नाही. जे व्याकरण मी आयुष्यभर गृहीत धरले होते, ते कसे विचारपूर्वक मांडावे लागते, हे मला त्या निबंधाने शिकवले आणि त्यातला एक परिच्छेद जवळजवळ तसाच प्रबंधिकेत गेला.

ध्वनिमुद्रण उतरवून काढण्याचा अंदाज सगळ्यांचाच चुकतो. इलान या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वाक्यागणिक तुकडे पाडून लिहिताना मला एका तासाच्या बोलण्याला दहा-बारा तास लागत. त्यामुळे सगळे उतरवण्याचा हट्ट सोडून प्रश्नाला लागू असलेली वाक्येच उतरवावीत, मूळ फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवावी, आणि तिच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी असाव्यात. लेखनाची सुरुवात मी प्रस्तावनेपासून न करता विश्लेषणाच्या प्रकरणापासून केली. पूर्वसंशोधनाचा आढावा घेताना मोरो केशव दामल्यांचे १९११ चे मराठी व्याकरण फार उपयोगी पडले. मराठीत लिहिलेला असा मजकूर मार्गदर्शकांना वाचता येत नाही, तेव्हा तो नीट वाचून त्यांच्यापुढे मांडणे हे आपलेच काम असते. मसुदा मराठी न जाणणाऱ्या एका वर्गमित्राकडून वाचून घेतला, कारण परीक्षकही बहुधा तसेच असणार होते. तो ज्या उदाहरणाशी अडला, ते प्रत्येक उदाहरण मी पुन्हा लिहिले.

एक व्यावहारिक गोष्ट मला फार उशिरा कळली. पीएच.डी.च्या शिष्यवृत्तीच्या मुख्य फेरीची मुदत अनेक विद्यापीठांत ऑक्टोबरच्या अखेरीला किंवा त्याआधीच संपते, म्हणजे ऑनर्सचा निकाल हाती येण्यापूर्वी. परदेशी विद्यार्थ्यांसाठी ती आणखी अलीकडची असू शकते. त्यामुळे प्रबंधिकेचे शेवटचे प्रकरण आणि शिष्यवृत्तीचा अर्ज एकाच पंधरवड्यात अंगावर येतात. शिफारसपत्रे ऑगस्टमध्येच मागून ठेवावीत आणि संशोधनाचा आराखडा हिवाळी सुटीत, जुलैमध्ये, लिहून काढावा. मी तो प्रबंधिका सादर करण्याच्या आदल्या आठवड्यात रात्री दोनला लिहिला, आणि त्यात ‘बिन’ हा शब्द एका पानावर दोन वेगवेगळ्या लिंगांत वापरला होता, हे मार्गदर्शकांच्या नव्हे, तर काकूंच्या लक्षात आले.