झेपत नाही तेव्हा: अशक्तपणात देवाच्या शक्तीवर चालायची रीत

कोल्हापुरात ‘मला झेपत नाही’ हे वाक्य तोंडातून निघायला फार वेळ लागतो. गंगावेश, मोतीबागच्या तालमींचं आणि खासबाग मैदानाचं हे गाव. इथं कळ सोसून उभं राहण्याला मान आहे आणि तीच सवय इथल्या ख्रिस्ती मंडळीतही उतरली आहे. रविवारी उपासना संपल्यावर कुणी विचारलं की ‘प्रभूच्या कृपेनं सगळं बरं’ म्हणायचं आणि गाडीला किक मारायची. घरी मात्र अंथरुणाला खिळलेली आई असते, थकलेले हप्ते असतात, नाहीतर सुटता न सुटणारी दारू असते. देवाच्या शक्तीवर विसंबायचं असेल तर आधी हे ठरलेलं उत्तर बंद करा.

बायबलमधलं २ करिंथ १२, म्हणजे प्रेषित पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा बारावा अध्याय, सावकाश वाचा. देहातला काटा, म्हणजे न सुटणारा त्रास, निघावा म्हणून पौलानं तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. उत्तर मिळालं ते असं, की कृपा पुरेशी आहे आणि शक्ती अशक्तपणातच पूर्णतेला येते. म्हणजे पुन्हा पुन्हा मागणं हा अविश्वास नव्हे आणि दुखणं राहिलं म्हणून विश्वास कमी पडला असंही नव्हे. आजारी माणसाच्या उशाशी बसून ‘विश्वास वाढवा’ म्हणणाऱ्यांनी पौलाला काय सांगितलं असतं, याचा विचार करावा.

आता एक वही घ्या. तारीख घालून एकच ओळ लिहा, पण नेमकी. ‘मी दुबळा आहे’ यातून काही हाती लागत नाही. ‘रात्री दोनला आईची चादर बदलताना मी तिच्यावर ओरडतो’ हे कामाचं. मग त्याच ओळीचे दोन भाग करा: थकवा आणि ओरडणं. थकवा हे पाप नाही, तो देवापुढं जसा आहे तसा ठेवायचा. ओरडणं मात्र कबूल करायचं, देवापाशी आणि सकाळी आईपाशीही. हे दोन्ही एकत्र कालवले की माणूस थकल्याबद्दल स्वतःला दोष देत राहतो किंवा थकलो म्हणून ओरडण्याची सूट घेतो. बहुतेकांची गाडी इथंच अडते.

प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर स्तोत्र १३ धरा. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोनांत तक्रार, ‘कोठवर?’ असं चारदा. पुढच्या दोनांत मागणं. शेवटच्या दोनांत भरवसा. प्रत्येक जोडीनंतर थांबून वहीतली आपली ओळ तिथं बोला. दहा मिनिटं पुरतात. घाईनं पाचव्या ओवीवर उडी मारू नका. तक्रार गिळून केलेली स्तुती घशातच अडकते. मागताना आजच्यापुरतं मागा. रानात देव इस्राएलांना रोजच्यापुरतं देई ते अन्न, मान्ना, सकाळपर्यंत साठवून ठेवलं तेव्हा त्यात किडे पडले होते. ‘वर्षभर सांभाळायची शक्ती दे’ यापेक्षा ‘आज रात्री दोनला माझी जीभ धर’ ही प्रार्थना खरी, आणि दोन वाजता ती ऐकली गेली की नाही हे समजतंही.

शरीराकडं दुर्लक्ष करू नका. १ राजे १९ मध्ये संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूतानं आधी प्रवचन दिलं नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून खायला घातलं. होरेब डोंगराची चाळीस दिवसांची वाट त्यानंतरची. म्हणून जागरणानं पिचलेल्या माणसानं उपवास धरू नये. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको, साखर एकदम उतरते. प्रार्थनासभेत बरं वाटलं म्हणून बीपीच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या बंद करणं ही आपल्याकडची फार महागात पडणारी चूक आहे. १८९४ साली शेजारच्या मिरजेत मिशनरी डॉ. वॉन्लेस यांनी दवाखाना उभा केला तो प्रार्थनेच्या जोडीला, तिच्याविरुद्ध नव्हे. एलीयासारखे मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी घरात कुणाला तरी सांगा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.

मग माणसं. लढाईच्या वेळी वर धरलेले मोशेचे हात जड झाले तेव्हा त्याला बसायला धोंडा दिला आणि अहरोन व हूर यांनी सूर्य मावळेपर्यंत ते हात धरून ठेवले. तुम्हीही दोघं निवडा, तोंड बंद ठेवणारी. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ‘प्रार्थना करा’ एवढ्यावर थांबू नका. ‘भावा, गुरुवारी रात्री दहा ते चार आईजवळ बसशील का, मला झोप पाहिजे’ असं तास-वार सांगून मागा. पाळकसाहेब आले नाहीत म्हणून रुसण्याआधी त्यांना कळवलं होतं का, ते पाहा. याकोबाच्या पत्रात मंडळीच्या वडिलांना, म्हणजे जबाबदार वडीलधाऱ्यांना, बोलावणं आजारी माणसानंच पाठवायचं आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बहिणीला ‘कृपा पुरेशी आहे, सोस’ म्हणून परत पाठवणं हा या वचनाचा गैरवापर आहे. याच वचनाच्या आधीच्या अध्यायात, आपल्या दुबळेपणाविषयी बोलत असतानाच, पौल सांगतो की दिमिष्क (दमास्कस) शहरात त्याला पाटीत बसवून भिंतीवरून खाली सोडलं आणि तो पकडणाऱ्यांच्या हातून निसटला. जीव वाचवून बाहेर पडणं हेही देवावर विसंबणंच आहे. तिला आधी सुरक्षित घर द्या, वचन नंतर.

पंधरा दिवसांनी वही उघडा. थकवा गेला का, हे तपासू नका, तो बहुधा तिथंच असेल. दोन वाजता काय घडलं ते पाहा: किती रात्री ओरडलात, किती रात्री आवाज खाली राहिला, कोण मदतीला आलं. काहीच हललं नसेल तर मागणं आणखी लहान करा, रात्रीच्या पाळ्या वाढवून मागा, आणि ती पानं घेऊन पाळकांना भेटा.