तवा तापवण्याआधी: ॲलर्जीच्या घरात पहिल्यांदा मासे करताना

आपल्याकडे म्हावरं म्हटलं की पापलेटपासून तिसऱ्यांपर्यंत सगळं एकाच पाटीत येतं. ॲलर्जीच्या दृष्टीने मात्र त्या पाटीत तीन वेगळे गट आहेत. म्हणून पहिली तयारी पिशवीची नाही, कागदाची. घरात कोणाला नेमकं काय चालत नाही ते लिहून काढा. सुरमई, रावस, पापलेट, बांगडा, बोंबील हे काट्याचे मासे एका रकान्यात. कोळंबी, करंदी, जवळा, कुर्ल्या, शेवंड दुसऱ्यात. तिसऱ्या, कालवं, माकुळ तिसऱ्यात. काट्याच्या माशांत त्रास देणारं मुख्य प्रथिन पार्व्हाल्ब्युमिन, तर कोळंबी-कुर्ल्यांमधलं ट्रोपोमायोसिन. दोन्ही वेगळी असल्यामुळे कोळंबी न सोसणाऱ्या माणसाला सुरमई सोसू शकते. शिंपल्यांत आणि माकुळातही ट्रोपोमायोसिन असतं, त्यामुळे दुसरा आणि तिसरा रकाना पुष्कळदा एकत्रच बंद होतो. काय चालेल ते ॲलर्जीच्या डॉक्टरांनी तपासून सांगायचं; ‘जरासं चाखून बघ’ हा प्रयोग घरी नको. आणि ‘नीट शिजवलं की काही होत नाही’ हे आजीने सांगितलं तरी ऐकू नका. ही दोन्ही प्रथिनं उकळून किंवा तळून नाहीशी होत नाहीत.

घरात कोणाला काट्याच्या माशाचीच ॲलर्जी असेल, तर ते माणूस घरात असताना शिकायला बसू नका. शिजताना उठणाऱ्या वाफेतूनही हे प्रथिन हवेत जातं आणि काहींना तेवढंही पुरतं. वन रूम किचनमध्ये ती वाफ जाणार कुठे?

बाकीच्यांसाठी नियम एकच: नवशिक्याने एका वेळी दोन प्रकार करायचे नाहीत. एकाला रव्यातली तुकडी, दुसऱ्याला बिनरव्याची, एकाला कोळंबीचं कालवण, दुसऱ्याला रावसाचं, हे सरावलेल्या हातालाही जड जातं. कारण चूक पदार्थात होत नाही. ती डावात, चिमट्यात, एकाच तेलात होते. सगळ्यांना चालेल असा एकच पदार्थ ठरवा आणि त्याच्यापुरतीच खरेदी करा.

आता फडताळ उघडा. मसाले माशाच्याही आधी तपासायचे, कारण बाजारातून आल्यावर तेवढी सवड राहत नाही. तयार मासळी मसाला, आगरी-कोळी मसाला किंवा वांद्रे-वसईकडचा बाटली मसाला घरात असेल तर तो कशाकशाचा आहे ते विचारा. अनेक घरांच्या बाटली मसाल्यात गहू, चणे, तीळ, खसखस, मोहरी हे सगळं कुटलेलं असतं. पाकिटावरचं ‘कंटेन्स’ वाचा, पण त्यावर पूर्ण विसंबू नका. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबल नियमांत ग्लुटेनची (म्हणजे गव्हासारखी) धान्यं, कोळंबीवर्गीय, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट (माल टिकवायला घालतात ते रसायन) हे वेगळे लिहावे लागतात. तीळ आणि मोहरी त्या यादीत नाहीत. ती शोधायची तर घटकांची पूर्ण यादी वाचावी लागते. गव्हाची ॲलर्जी असेल तर हिंगाची डबीही पाहा, बांधणीच्या हिंगात बहुतेकदा मैदा असतो. पहिल्या वेळेला सगळ्यात सोपं म्हणजे तयार मसाला बाजूला ठेवून साधं तिखट, हळद, मीठ, लसूण आणि आमसूल एवढ्यावर भागवणं. चवीत फार काही हरवत नाही.

रवा म्हणजे गहूच, हे ऐन वेळी विसरलं जातं. त्याच्या जागी तांदळाचं पीठ घ्या, पण गिरणीतलं नको; तिथे त्याच दगडावर आधी कोणाचे तरी गहू दळलेले असतात. अर्धी वाटी तांदूळ धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडे होईपर्यंत पसरा आणि मिक्सरमधून जरा भरड काढा. ही भरडच रव्यासारखा कुरकुरीतपणा देते. पीठ फार बारीक झालं तर थर चामट होतो. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर घाण्याचं शेंगदाणा तेल स्वयंपाकघराबाहेर ठेवा, त्यात दाण्याचं प्रथिन उरलेलं असतं. खोबरं चालत नसेल तर नारळाच्या कालवणाची नक्कल करत बसू नका. बांगड्याचं तिखलं खोबऱ्याशिवायच होतं.

बाजाराची वेळही यादीत धरा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या काळात बर्फातला किंवा गोड्या पाण्यातला माल जास्त. ताजा मासा ओळखायला शिकायचं तर नारळी पौर्णिमेनंतर सुरुवात करा. डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लाल, बोटाने दाबल्यावर खड्डा न राहणारं अंग, आणि वास समुद्राचा. बोंबलाला हे नियम पुरते लागू नाहीत, तो मुळातच लिबलिबीत.

कोळंबीची ॲलर्जी असलेल्या घराने बाजारातच सर्वांत जपायचं. एकाच ओट्यावर, एकाच बर्फाच्या पाण्यात कोळंबी आणि पापलेट शेजारी असतात, आणि मावशींचा कोयता दोन्हींवर चालतो. मांदेलीच्या किंवा बोंबलाच्या वाट्यात करंदी-जवळा मिसळलेला निघतो. बोंबील स्वतः जवळा खातो, त्यामुळे त्याच्या पोटातही तो सापडतो. म्हणून अशा घराने शिकायला मांदेली किंवा बोंबील घेऊ नयेत, पापलेट घ्यावं. फक्त मासेच विकणाऱ्या मावशींकडून दोन अख्खी घ्या, प्रत्येकी पाव किलोच्या आसपासची, आणि “मावशी, कापू नका, अशीच द्या” म्हणून सांगा. पापलेटाला मोठे खवले नसतात. घरी कात्रीने पर आणि शेपटीचं टोक कापायचं, कल्ल्याखाली तिरकी चीर देऊन पोटातलं बोटाने ओढून काढायचं, कल्ले काढायचे. पाच मिनिटांचं काम आहे आणि कोयत्याचा प्रश्नच मिटतो. सुरमई-रावसाच्या तुकड्याच हव्या असतील तर कोयता आणि पाट साबणाने धुऊन मगच कापायला सांगा. मावशी कुरकुरतील, सकाळी लवकर गेलात तर कमी. पण ॲलर्जी तीव्र असेल तर बाहेर कापलेला मासा नकोच.

मासा सगळ्यात शेवटी घ्या, जाड पिशवीत बर्फासकट आणा आणि थेट फ्रिजमध्ये ठेवा. बांगड्याच्या बाबतीत हे विशेष. बर्फाबाहेर राहिला की त्याच्या मांसात हिस्टामीन तयार होतं आणि ते शिजवून किंवा गोठवून जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल, अंगावर चट्टे, डोकेदुखी. दिसायला थेट ॲलर्जीच. एकाच माशाने ज्यांना कधी काही होत नाही अशा दोघातिघांना एकदम त्रास झाला तर हा संशय धरा. उपचार मात्र दोन्ही वेळेला डॉक्टरांचाच. दमेकऱ्याच्या घरात गोठवलेल्या कोळंबीचं पाकीटही वाचावं, काळी पडू नये म्हणून तिला सल्फाइट लावलेलं असू शकतं.

भांड्यांत लाकडी पाट नको, त्याच्या चिरांत सगळं अडकून बसतं. प्लास्टिकचा वेगळा पाट, एक सुरी, एक कात्री, एक कालथा आणि नवी घासणी एवढं या माणसापुरतं राखून ठेवा. मिक्सरच्या झाकणाची रबरी रिंग काढून आतून धुवा; कालच्या दाण्याच्या चटणीचा मुक्काम तिथेच असतो. मासा वाहत्या नळाखाली धुऊ नका, शिंतोडे ओटाभर उडतात. पातेल्यात पाणी घेऊन धुवा. हात साबणाने धुवायचे. सॅनिटायझरने जंतू मरतात, प्रथिन जागच्या जागी राहतं.

वरण-भात आधी करून झाकून ठेवा, मग माशाला हात लावा. दोन पापलेटांना दोन्ही बाजूंनी काट्यापर्यंत तीन-तीन चिरा द्या. एक चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, दीड चमचा तिखट, पाच लसूण पाकळ्यांचं वाटण आणि एका लिंबाचा रस लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. तासभर ठेवलंत तर आंबटाने मांस भुसभुशीत होऊन तव्यावर मोडतं. लिंबाऐवजी आगळ वापरलंत तर मीठ निम्मं करा, बाजारच्या आगळात ते आधीच असतं. तांदळाची भरड तव्यावर टाकण्याच्या क्षणीच लावा, आधी लावली की ओली होते. लोखंडी तवा चांगला तापू द्या, तीन मोठे चमचे तेल, मध्यम आच, प्रत्येक बाजूला पाच मिनिटं. तुकडी असेल तर तीन-चार. मासा चिकटतो तो तवा थंड असल्यामुळे किंवा अंग ओलं राहिल्यामुळे, आणि तुटतो तो घाईने उलटल्यामुळे. खालची बाजू कडक झाली की तो स्वतःहून सुटतो, तोवर कालथा लांब ठेवा. काट्याजवळचं मांस काचेसारखं दिसायचं थांबून पांढरं झालं आणि काट्यापासून सुटलं की झालं.

कालवण करायचं तर अर्धा किलोला एक वाटी ओलं खोबरं, सहा-सात बेडगी मिरच्या, चमचाभर धणे, पाच लसूण पाकळ्या, पाव चमचा हळद आणि सुपारीएवढी चिंच बारीक वाटा. दोन वाट्या पाणी आणि मीठ घालून वाटण आधी पाच मिनिटं उकळा, मग मासे सोडून मंद आचेवर सहा ते आठ मिनिटं. डाव घालायचा नाही, भांडं फडक्याने धरून हलवायचं.

औषधांची जागा जेवायला बसण्याआधी घरातल्या सगळ्यांना माहीत हवी. डॉक्टरांनी ॲड्रेनलीनचं इंजेक्शन लिहून दिलं असेल तर ते कसं द्यायचं हे निदान दोघांना यायला हवं. श्वास लागला, आवाज बसला, जीभ किंवा घसा सुजला, चक्कर आली की वाट न पाहता इंजेक्शन द्यायचं आणि 108 ला फोन करायचा. माणसाला आडवं ठेवायचं, चालवत खाली न्यायचं नाही. धाप लागली असेल तर टेकून बसवायचं. खाज थांबवणारी गोळी हा त्याला पर्याय नाही.

उरलेलं तळणीचं तेल गाळून ठेवायची सवय या घरात मोडायला हवी. उद्या त्यात पुऱ्या तळल्या तर आजचा मासा पुरीत गेलेलाच असतो. थंड झालं की कागदात टिपून कचऱ्यात टाका, आणि तव्यानंतर गॅसचे बर्नर आणि बटणंही पुसून घ्या.