मासुंदा की तलावपाळी?

ठाण्याच्या तळ्यांची टिपणं मी ऑब्सिडियन या टिपणांच्या ॲपमध्ये ठेवते. एकाच तळ्याच्या दोन फाइली झाल्या होत्या, ‘मासुंदा’ आणि ‘तलावपाळी’. कौपिनेश्वर मंदिराचं टिपण एकीला जोडलेलं, बोटींचं दुसरीला, दोन्ही अर्धवट. शेवटी ‘मासुंदा तलाव’ एवढी एकच फाइल ठेवली आणि ‘तलावपाळी’ हे नाव तिच्या एलियसमध्ये, म्हणजे पर्यायी नावांत, घातलं. आता लिंक देताना दुहेरी चौकटी कंसात [[ ]] यांपैकी कुठलंही नाव टाइप केलं, तरी तीच फाइल समोर येते. फार हायसं वाटलं.

फाइलचं नाव मात्र ॲपमध्येच बदला. मी आधी बाहेर फोल्डर उघडून बदललं आणि सगळ्या लिंक तुटल्या.

तारखेत वर्ष आधी लिहिते: १८५३-०४-१६, बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे. यादी आपसूक क्रमाने लागते.