कॅटामरानले (दोन जोडलेल्या होड्यांच्या बोटीले) मोठं शीड लावाचं हाय? आधी हे वाचा

गोसेखुर्द धरणाच्या पाण्यावर बोट पळवाची म्हणून नुसतं मोठं कापड शिवून जमत नाही भाऊ, वारा दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होते. मास्ट (शिडाचा खांब) उंच करू नका, बोट लवकर कलंडते, त्यापेक्षा शिडाचा एरिया खालीच वाढवा. पण एकटं मेन (मास्टमागचं मोठं शीड) मागं वाढवलं तं बोट घडीघडी वाऱ्याकडं तोंड फिरवते, रडर (सुकाणू) धरून हात भरून येते, म्हणून जिब (समोरचं शीड) बी वाढवा. मास्टच्या तारा, शॅकल (जोडाच्या कड्या), पुढचा बीम (दोन होड्या जोडणारा आडवा दांडा) चेक करा, रीफची (जोराच्या वाऱ्यात शीड लहान कराची) सोय ठेवाच. वाऱ्याच्या झोताले पुढचं टोक पाण्यात घुसाले लागलं की मागं सरका, शीट (शीड ओढून धराची दोरी) सोडा. मी धरून बसलो, बोट उताणी, माहा चष्मा अजून धरणातच हाय. लाइफजॅकेट तं घालाच.