आधी उतारा, मग विष: ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळातली विषं कशी रचावीत

रोल-प्लेइंग खेळात, म्हणजे जिथे प्रत्येक खेळाडू एक पात्र होऊन गोष्ट पुढे नेतो तिथे, विष म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट घडते. पात्राच्या नावाशेजारी हिरवा ठिपका येतो, दर फेरीला जीवाचे पाच गुण कमी होतात, कुणीतरी बाटली पाजतं आणि ठिपका जातो. मला हे सहन होत नाही. मी मिरजेत एका रुग्णालयाच्या अपघात विभागात नर्स आहे आणि रात्रपाळी नसेल तेव्हा डिस्कॉर्ड या ऑनलाइन गप्पांच्या ॲपवर सहा जणांचा खेळ चालवते. आमचा मुलूख काल्पनिक आहे, पण कृष्णा-वारणेच्या काठासारखा: ऊस, हळद, काळी माती. बंदुका आहेत, वीज नाही. त्या मुलखातली विषं मी कशी बांधते ते इथे लिहिते.

विष रचायला बसाल तेव्हा आधी त्यावरचा उपचार लिहा. खेळाडू काही ना काही करतात ते उपचारातच. विष फक्त त्यांच्यापुढे घड्याळ ठेवतं. म्हणून मी प्रत्येक विषाला एक पान देते आणि त्यावर एवढंच लिहिते: शरीरात कसं शिरतं, पहिली खूण किती वेळाने दिसते, जीव नेमका कशाने जातो, उतारा काय थांबवतो आणि काय थांबवू शकत नाही. शेवटची ओळ भरल्याशिवाय ते विष मी खेळात सोडत नाही.

मण्यारीचं उदाहरण घ्या. तिच्यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही. ती रात्री चावते, बहुधा जमिनीवर झोपलेल्या माणसाला. दुखत नाही, सूज येत नाही, दातांची खूण कित्येकदा सापडतही नाही. पहाटे पोटात कळ येते. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, माणूस मान टाकतो आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. जीव जातो तो श्वास थांबल्याने. हृदय तोवर चालूच असतं. आता उपचाराची ओळ पाहा. सर्पविषावरची लस रक्तात फिरणारं विष निकामी करते, पण मण्यारीच्या विषाने मज्जातंतूंची टोकं एकदा बिघडवली की ती लसीने दुरुस्त होत नाहीत. ती आपली आपण भरून येईपर्यंत कुणीतरी त्या माणसासाठी श्वास घ्यावा लागतो. रुग्णालयात व्हेंटिलेटर घेतो. आमच्या वीज नसलेल्या मुलखात लोहाराचा भाता घेतो.

हा भाता खेळात आला आणि सगळं बदललं. भाता कोण चालवणार, पाळ्या कशा लावायच्या, पाठलागावर असलेल्या शत्रूला तोंड द्यायचं की हात न थांबवता बसून राहायचं, हे सगळं खेळाडूंना आपसात ठरवावं लागलं. आणखी एक गोष्ट मी इथे आवर्जून वापरते. असा रुग्ण निपचित पडलेला असला तरी पुष्कळदा शुद्धीवर असतो, त्याला सगळं ऐकू येतं. म्हणून ज्याचं पात्र पडलंय त्या खेळाडूला मी बाहेर बसवत नाही. त्याने फक्त कानावर पडेल तेवढंच लिहायचं. डोळे मिटलेले, हालचाल नाही, आणि शेजारी सोबती म्हणतायत, ‘गेला वाटतं हा, सोडा आता.’ आमच्या विट्याच्या खेळाडूने त्या रात्री जे लिहिलं, तसं त्याने एरवी कधी लिहिलं नव्हतं.

श्वास किती उरलाय हे मोजायला गुणांची पट्टी लावू नका. वॉर्डात आम्ही रुग्णाला एका दमात आकडे मोजायला लावतो. हुतूतूत दम धरतात तसाच दम, फक्त इथे तो आपोआप आटत जातो. खेळातही तेच करा: पहिल्या तासाला पात्र एका दमात २५ पर्यंत जातं, मग १८, मग ९. खेळाडूने तो आकडा संवादात लिहायचा. ‘विषबाधा ६० टक्के’ असं सांगण्यापेक्षा हे कितीतरी जास्त कळतं.

घोणस अगदी वेगळी. दंशाला आग, सूज, आणि रक्त गोठायची ताकद संपल्यामुळे हिरड्यांतून, लघवीतून रक्त. इथली तपासणी खेळासाठी फार उपयोगी आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं आणि २० मिनिटं हात न लावता उभं ठेवायचं. मग नळी कलती करायची. रक्त ओघळलं, तर विष रक्तात भिनलंय. मी ही २० मिनिटं खऱ्या घड्याळाची ठेवते. वैद्य नळी भिंतीशी उभी करतो, मी टायमर लावते आणि गोष्ट तेवढ्यात वेशीवर नेते. नळीला मध्येच हात लावला तर निकाल बाद, पुन्हा २० मिनिटं. कुणाचाही सल्ला न घेता नळी हलवणारं एखादं पात्र प्रत्येक गटात असतं, त्याला ती मुभा राहू द्या.

लस हाताळण्याचे बारकावेही खेळात घ्या, कारण ते खरे आहेत आणि नाट्यमयही आहेत. ती घोड्याच्या रक्तापासून बनते, म्हणून काहींच्या अंगावर गांधी उठतात, छाती भरते, रक्तदाब कोसळतो. त्यासाठी ॲड्रिनलिन शेजारी तयार लागतं. भुकटीची व्हायल, म्हणजे छोटी बाटली, पाण्यात विरघळवताना जोरात हलवली तर फेस होतो, ती हळूहळू फिरवावी लागते. घाबरलेल्या पात्राच्या हातात ती देऊन बघा. आणि पहिला हप्ता साधारण ८ ते १० व्हायलचा असतो, लहान मुलालाही तेवढाच, कारण सापाने मूल बघून विष कमी सोडलेलं नसतं. आमच्या मुलखात ही पेटी फक्त राजधानीत मिळते आणि तिच्यात १२ व्हायल असतात. चावा दोघांना झाला तर पुढचं मी काही सांगत नाही, खेळाडूच बोलतात.

आता मांत्रिक. माझं माहेर शिराळ्याजवळचं. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी सगळ्यांना ठाऊक आहे, जिवंत नागांची मिरवणूक न्यायालयाच्या आदेशानंतर थांबली हेही. त्या भागात वाढलेल्या माणसाला साप, देऊळ आणि मंत्र वेगळे काढून सांगता येत नाहीत. तुमच्या मुलखातही मांत्रिक असू द्या, पण त्याला लबाड रंगवू नका. त्याऐवजी फाशांत एक नियम घाला: काही दंश कोरडे असतात. विषारी साप चावतो पण विष सोडतच नाही, हे प्रत्यक्षात घडतं. शिवाय धामण, दिवड असे बिनविषारी साप चावतात ते वेगळेच. मी वीस बाजूंच्या फाशावर १ ते ५ आलं की दंश कोरडा धरते आणि ते कुणालाही सांगत नाही. मग मांत्रिकाकडे नेलेल्यांपैकी काही जण खरोखर बरे होतात, गावात त्याचं नाव होतं, आणि पुढच्या वेळी वैद्याकडे निघालेली बैलगाडी खेळाडू स्वतःहून देवळाकडे वळवतात. मंत्राने दुसरं काही बिघडत नाही, वेळ जातो. तो वेळच मी मोजते.

करकचून बांधलेल्या दोरीचंही तसंच. दोरी बांधली की खूण उशिरा दिसते, खेळाडूंना हायसं वाटतं. सोडली की अडलेलं सगळं एकदम पुढे सरकतं. हे मी आधी कधीच सांगत नाही. चिरा देणं, तोंडाने ओढणं यांचा फायदा शून्य ठेवा, जखम चिघळण्याची शक्यता मात्र ठेवा. गावठी उपाय म्हणून हळद लावली तर लावू द्या. सांगलीची हळद कितीही उत्तम असली तरी रक्तातल्या विषावर तिचा अंमल चालत नाही.

उतारा म्हणजे विषाची उलटी प्रतच असते असंही नाही. लाल विंचवाचं बघा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशात हृदयावर काय ओढवतं ते बारकाईने टिपलं, १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं, आणि पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून किती तरी रुग्ण वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. औषध आधीपासून कपाटात होतं, दुसऱ्याच आजाराच्या नावावर. खेळात असं एक तरी विष ठेवा, ज्याचा उपाय खेळाडूंच्या झोळीत भलत्याच कामासाठी पडून आहे. मात्र कोडं सुटायला खुणा प्रामाणिक हव्यात: घामाने चिंब अंग, गार हातपाय, उलट्या, मग खोकल्यातून गुलाबी फेस.

जोडीचं विष रचायचं असेल तर ओलं आणि कोरडं करा. तासगावकडे द्राक्षबागेत फवारणी करताना औषध अंगावर उडून आलेले रुग्ण आम्ही बघतो: लाळ, डोळ्यांना पाणी, बाहुल्या टाचणीएवढ्या, छातीत घरघर. त्यांना ॲट्रोपिन देतात, तेही छाती कोरडी होईपर्यंत मोजून मोजून. ॲट्रोपिन जास्त झालं की माणूस धोतरा खाल्ल्यासारखा होतो: तोंड सुकलेलं, बाहुल्या मोठ्या, बडबड. म्हणजे वैद्याच्या हातातला उताराच दुसऱ्या टोकाचं विष आहे. विष आणि औषध यांत फरक मात्रेचा, असं पॅरासेल्सस या युरोपातल्या वैद्याने १५३८ मध्ये लिहिलं ते हेच. खेळात दर फेरीला वैद्याने छाती ऐकायची आणि थांबायचं की आणखी द्यायचं ते ठरवायचं.

एका बाबतीत मी ठाम आहे. खुणा आणि उपचार खरे ठेवा, पण विष बनवायची कृती, खऱ्या वनस्पतीची वा औषधाची घातक मात्रा खेळात येता कामा नये. नावं बदला. आमची मण्यार ‘काळपट्टी’ आहे, फवारणीचं औषध ‘निळं पाणी’. वाचणाऱ्यांत कुणाची रात्र कशी चालली आहे हे आपल्याला दिसत नसतं. चॅनेलच्या माथ्यावर मी एक संदेश कायम पिन करून ठेवते: खरा दंश झाला तर हालचाल कमी, दोरी नाही, चिरा नाही, १०८ ला फोन आणि थेट रुग्णालय.

टप्पे पाडताना सुश्रुताची मदत घ्या. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थान या भागात सर्पविषाचे सात वेग, म्हणजे टप्पे, सांगितलेत, आणि सापांचे दर्वीकर, मंडली, राजिमान असे गट: फणावाले, मंडलं असलेले, पट्ट्यांचे. म्हणजे नाग, घोणस आणि मण्यार वेगळ्या वागतात हे तेव्हाही ध्यानात आलं होतं. सात टप्पे खेळाला जास्त होतात, मी चार करते. हळूहळू पोखरणाऱ्या विषासाठी ‘दूषीविष’ ही कल्पना तर तयारच आहे. राजवाड्यातल्या कारस्थानाला ती फार शोभते.

बरं झाल्यावरही पान मिटू नका. घोणशीतून वाचलेल्या पात्राची लघवी पुढचे काही दिवस मोजायला लावा, मूत्रपिंडं अजून धोक्यात असतात. मण्यारीतून उठलेल्याला आवाज यायला वेळ द्या. ऊसतोडीच्या कोपीत पुन्हा जमिनीवर झोपायचं की बाजेवर, मच्छरदाणी घ्यायची की तेच पैसे बंदुकीच्या दारूला, हा प्रश्न बाजारात खेळाडूंसमोर ठेवा. मच्छरदाणी नीट खोचून झोपलेल्याला मी फासा टाकायलाच लावत नाही.

नवं विष खेळात आणण्यापूर्वी ते एकट्याने तीन गावकऱ्यांवर चालवून बघा: एकाला कुणीच हात लावला नाही, एकाला चुकीचा उपाय झाला, एकाला वेळेत योग्य उपाय मिळाला. तिघांची गोष्ट वेगळी झाली नाही, तर चूक विषात शोधू नका. उपचाराची ओळ परत लिहा.